पोचपावतीची तारीख : टाळेबंदीतील कामाची मागणी आणि बेरोजगार भत्ता (पूर्व विदर्भातील एका गावाचे प्रकरण)

ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. कुटुंबांचे काही तपशीलही बदलले आहेत. नियम आणि दर २०२०-२१ मधले आहेत. तारखांचा क्रम आणि हिशेबाची पद्धत तशीच ठेवली आहे, कारण या प्रकरणात सगळे तारखांवरच अडले.

पार्श्वभूमी

गाव धानपट्ट्यातले. पिकवायचे एकच, खरिपाचा धान. दिवाळीच्या आसपास कापणी-मळणी उरकली की पुढच्या रोवणीपर्यंत हाताला काम नसते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत गावातली पन्नास-साठ माणसे मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगलकडे जातात. मजुरीचा काही भाग रोख आणि काही मिरचीच्या रूपात घेऊन एप्रिल-मेमध्ये परततात. काही तरुण नागपूरजवळच्या बुटीबोरीला कारखान्यात कंत्राटदाराकडे आहेत. परतल्यावर मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पंधरा-वीस दिवस मिळतात. त्यानंतर पावसाची वाट.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि ही साखळी मधेच तुटली. मिरचीवाले अर्ध्या हंगामात, पूर्ण हिशेब न होता, मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले पायी परतले. गावाने त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले. बुटीबोरीचे तिघे त्याच आठवड्यात आले. त्यांच्या कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले होते.

या माणसांसाठी कागदावर तीन आधार होते. पहिला रोजगार हमी. २० एप्रिल २०२० पासून अंतर राखून ही कामे सुरू करायला केंद्राने मुभा दिली होती, आणि मे महिन्यात योजनेसाठी आणखी ४०,००० कोटी रुपये जाहीर केले. दुसरा आधार कारखान्यातल्या विमाधारकांसाठी, कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. तिसरा बांधकाम कामगार मंडळाची मदत. ती मंडळाकडे नोंदणी असलेल्यांनाच मिळणार होती आणि या गावात नोंदणी एकाचीही नव्हती, म्हणून तो विषय तिथेच संपला. परतलेल्या मजुरांसाठी २० जून २०२० ला सुरू झालेल्या गरीब कल्याण रोजगार अभियानात सहा राज्यांतले ११६ जिल्हे होते. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे गावासाठी खरा आधार एकच उरला, रोजगार हमी.

महाराष्ट्राला हमी नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात इथल्या रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर चालली. १९७७ चा राज्याचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम देता आले नाही तर भत्ता द्यायचा, हे तत्त्व त्यात आले. तेव्हा हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो मजुरीशी जोडला. आर्थिक वर्षातल्या पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यापुढे किमान निम्मा. २०२०-२१ साठी महाराष्ट्राचा मजुरी दर २३८ रुपये होता, म्हणजे भत्ता रोज ५९ रुपये ५० पैसे.

यातली एक बाब गावात कोणाला माहीत नव्हती आणि तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. अकुशल कामाची मजुरी केंद्राच्या पैशातून येते, बेरोजगार भत्ता मात्र राज्याला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. भत्ता निघाला की काम का दिले नाही याचा खुलासाही द्यावा लागतो. त्यामुळे भत्ता देय होऊच नये, याकडे यंत्रणेचा कल असतो. त्याचे दोन मार्ग आहेत. वेळेत काम काढणे हा एक. मागणीची नोंद उशिरा करणे हा दुसरा, आणि तो सोपा.

अडचण कुठे सुरू झाली

२८ एप्रिलला ४१ जण ग्रामपंचायतीसमोर जमले आणि ग्रामरोजगार सेवकाकडे, म्हणजे गावात रोजगार हमीच्या नोंदी ठेवणाऱ्याकडे, काम मागितले. त्याने वहीत नावे लिहून घेतली. "अर्ज कायले पायजे भाऊ, नाव लिहून घेतलं ना," असे म्हणत माणसे घरी गेली. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच. वहीतली नावे म्हणजे मागणी नव्हे. मागणी नमुना ४ मध्ये लेखी करायची, किमान सलग चौदा दिवसांच्या कामासाठी करायची आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. पोच मिळाली की पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. पोच नसेल तर मोजायला तारीखच नाही.

ग्रामरोजगार सेवकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. त्या काळात त्याचे मानधन कामावरच्या हजेरीच्या प्रमाणात ठरत होते. काम निघाले तरच त्याला पैसे. काम निघावे असे त्यालाही वाटत होते. पण शेल्फवर, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या कामांच्या यादीत, काम नसताना मागणी नोंदवली तर तालुक्यातून आपल्यालाच विचारणा होईल, याची त्याला धास्ती होती.

शेल्फवर तीनच कामे होती. दोन वैयक्तिक सिंचन विहिरी. विहिरीत कुशल काम आणि साहित्यच जास्त, एका वेळी सात-आठ मजुरांपलीकडे जागा नसते. तिसरे काम गावच्या माजी मालगुजारी तलावाचा गाळ काढण्याचे. त्यात तीस-चाळीस जण सहज सामावले असते. त्याला तांत्रिक मान्यता होती, प्रशासकीय मान्यता नव्हती. तलाव जिल्हा परिषदेचा, मागणी ग्रामपंचायतीची, आणि फाईल या दोघांच्या मधे. त्यातच गाळाचे काम पाऊस लागेपर्यंतच होते. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे होते.

शिवाय कार्डांचा घोळ. तीन कुटुंबांकडे स्वतंत्र जॉबकार्ड नव्हते. लग्न होऊन वेगळी राहणारी मुले अजून बापाच्या कार्डावर होती. हमीचे वर्षाचे शंभर दिवस कुटुंबाला मिळतात, माणसाला नाही, त्यामुळे तीन चुली एका कार्डावर म्हणजे तिघांत मिळून शंभर दिवस. या तिघांनी २९ एप्रिलला वेगळ्या कार्डासाठी अर्ज केला. फोटो स्टुडिओ बंद होता, मोबाईलवर काढलेले फोटो चालवून घेतले आणि १३ मे रोजी कार्डे हातात आली. बँक खात्यांची संगणकावरची पडताळणी मात्र जुलैपर्यंत लटकली. पुढे याच कुटुंबांना सर्वाधिक भत्ता मिळाला. कारण उघड आहे, त्यांना कामच मिळाले नाही.

कोणते पर्याय होते

मेच्या मध्यावर, पंधरा दिवस उलटून गेल्यावर, गावात बैठक झाली. सरपंचबाई, एक शिक्षक, रोजगार हमीवर काम करणारे दोन कार्यकर्ते आणि मजूर. चार पर्याय निघाले.

पहिला, पावसाची वाट पाहायची. रोवणीला मजुरी मिळणारच होती, पण मधले दोन महिने घरात खायला काय, हा प्रश्न तसाच राहत होता. दुसरा, २८ एप्रिलच्या तोंडी मागणीवर भत्ता मागायचा. काहींना तो न्याय्य वाटला, आणि होताही. पण वहीखेरीज पुरावा नव्हता आणि वही सेवकाच्या ताब्यात होती. तिसरा, नव्याने लेखी मागणी करून पंधरा दिवस पुन्हा मोजायचे. चौथा पर्याय गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांकडून आला. तलावात जेसीबी लावा, चार दिवसांत गाळ निघेल, गाळ आमच्या शेतात पडेल आणि पाणीही साठेल. गाळाची गरज खरी होती. पण रोजगार हमीच्या कामावर मजूर हटवणारे यंत्र लावता येत नाही आणि कंत्राटदारही चालत नाही. यंत्राने काम उरकले असते तर गावातले एकमेव मोठे मजुरीचे काम संपले असते. सरपंचबाईंनी भर बैठकीत सांगितले की हे काम मजुरांनीच होईल, गाळ मात्र शेतकऱ्यांनी आपल्या बैलगाडी-ट्रॅक्टरने उचलून न्यावा. त्यांना यासाठी बरेच ऐकून घ्यावे लागले.

तिसरा पर्याय ठरला. पण मागणी कोणत्या तारखेपासून करायची यावर तासभर वाद झाला. बरेच जण सकाळी तेंदूपत्त्याला जात होते. सत्तर पानांचा पुडा आणि शेकड्याने दर, त्यामुळे चार दिवस जास्त गेले तर घरात तेवढे जास्त पैसे. लगेच मागणी केली, नेमके काम निघाले आणि माणसे जंगलात असली तर काय? बोलावणे आल्यावर पंधरा दिवसांत हजर न झाल्यास अर्जदार तीन महिने भत्त्याला अपात्र ठरतो. गावची फडी, म्हणजे तेंदूपत्त्याची खरेदी, १९ मेला संपणार होती. म्हणून काम २० मेपासून ३० जूनपर्यंत, सलग ४२ दिवस मागायचे ठरले. सात जणांनी माघार घेतली. १९ कुटुंबांतले ३४ जण राहिले.

बेरोजगारीचा वेगळा हक्क असलेले बुटीबोरीचे तिघे याच बैठकीत होते. त्यांच्याबद्दल पुढे.

काय केले

१८ मे रोजी ३४ नमुने भरून सेवकाकडे नेले. शेल्फवर काम नाही म्हणून त्याने पोच द्यायला नकार दिला. इथे कायद्यातली एक तरतूद कामी आली. मागणी ग्रामपंचायतीकडे करता येते, तशीच थेट कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही करता येते. महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार, गटविकास अधिकारी सहकार्यक्रम अधिकारी. म्हणून एक प्रत सरपंचबाईंनी ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत चढवून शिक्का मारला, आणि दुसरी प्रत त्याच दिवशी दुचाकीवर तहसीलला नेऊन आवक क्रमांक घेतला. दोन नोंदी, दोन शिक्के, एकच तारीख.

पंधरा दिवस अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून किंवा काम मागितलेल्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची तिथून मोजतात. इथे नंतरची तारीख २० मे. त्यामुळे ४ जूनपर्यंत काम देणे बंधनकारक होते आणि ५ जूनपासून भत्ता देय.

दरम्यान कार्यकर्त्यांनी सगळा जोर तलावाच्या प्रशासकीय मान्यतेवर लावला. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. दिवसाला साडेएकोणसाठ रुपये आणि दोनशे अडतीस रुपये यांत निवड नसतेच. पण त्या धावपळीत एक काम राहून गेले. १८ मेच्या मागणीची संगणकात नोंद झाली का, हे कोणीच पाहिले नाही. जॉबकार्डाच्या ऑनलाइन पानावर तीन तक्ते असतात : मागितलेला कालावधी, देऊ केलेला कालावधी आणि प्रत्यक्ष केलेले काम. पहिला तक्ता आठवड्याभरात तपासला असता तर तो रिकामा दिसला असता.

८ जूनला मान्यता आली आणि ९ जूनला तलावावर काम सुरू झाले. ई-मस्टरवर, म्हणजे संगणकातून निघणाऱ्या हजेरीपत्रकावर, २४ जणांची नावे होती. ३४ का नाहीत, याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडे नव्हते. खाते पडताळणी रखडलेल्या तीन कुटुंबांतले सहा जण आणि आणखी चार जण बाहेर राहिले. साइटवर चुन्याच्या रेषा आखून जोड्या लांब लांब उभ्या केल्या होत्या.

पहिल्या आठवड्याचे मोजमाप आले तेव्हा मजुरी सरासरी १७१ रुपये पडली होती. दोनशे अडतीस हा पूर्ण काम उतरल्याचा दर होता. प्रत्यक्ष मजुरी घनमीटरवर निघते. वरचा गाळ मऊ होता, पण फूटभर खाली मुरूम मिश्रित कडक थर लागला. मोजमाप पुस्तकात सगळे मऊ मातीत धरले होते, आणि बांधापर्यंतची वाहतूक धरलीच नव्हती. तांत्रिक सहायकाला जागेवर बोलावून थर वेगळे लिहून घेतल्यावर दुसऱ्या मस्टरला सरासरी २१४ वर गेली. त्यासाठी ना अर्ज लागला ना तक्रार. खड्ड्यात उतरून थर दाखवणारी दोन माणसे पुरली. पहिल्या मस्टरचे पैसे मुदतीनंतर दहा दिवसांनी खात्यात आले. उशिराची भरपाई न दिलेल्या मजुरीवर दिवसाला ०.०५ टक्के, म्हणजे १,०२६ रुपयांवर रोज एकावन्न पैसे. ती मागायच्या फंदात कोणी पडले नाही.

१८ जूनला पाऊस लागला आणि तलावाचे काम थांबले. त्या २४ जणांना १९ जूनपासून वृक्षलागवडीच्या खड्ड्यांवर घेतले. बाहेर राहिलेल्या दहा जणांना तेही मिळाले नाही.

भत्त्याची मागणी

२२ जूनला तहसीलला तक्रार दिली. सोबत आवक शिक्क्याच्या प्रती, जॉबकार्डांच्या झेरॉक्स, ऑनलाइन पानाची छापील प्रत आणि माणसागणिक दिवसांचा तक्ता. कायद्याप्रमाणे कार्यक्रम अधिकाऱ्याने तक्रार सात दिवसांत निकाली काढायची असते.

हिशेब असा मांडला. २४ जणांना ५ ते ८ जून असे चार दिवस काम मिळाले नाही, ९६ मनुष्यदिवसांचे ५,७१२ रुपये. दहा जणांना ३० जूनपर्यंत काम न मिळाल्यास २६ दिवस, २६० मनुष्यदिवसांचे १५,४७० रुपये. एकूण २१,१८२. एका कुटुंबात दोन अर्जदार असतील तर पहिले तीस दिवस माणसाचे धरायचे की कुटुंबाचे, यावर वाद घालता आला असता. कुटुंबाचे धरले तर काही घरांना उरलेल्या दिवसांचा निम्मा दर मिळाला असता. मुद्दाम सगळे एक चतुर्थांशाने धरले. थोडे पैसे सोडले, पण हिशेबावर हरकत घ्यायला जागा ठेवली नाही.

उत्तर पाच आठवड्यांनी आले. पहिली हरकत, संगणकात मागणीची तारीख ९ जून आहे. ज्या दिवशी मस्टर निघाले त्याच दिवशीची. म्हणजे मागितल्याबरोबर काम मिळाले, मग भत्ता कसला? मस्टर काढताना त्या २४ जणांची मागणी त्याच तारखेने भरलेली होती. दुसरी हरकत, हे मजूर तेंदूपत्त्यावर होते. ती टिकली नाही. भत्ता ५ जूनपासून मागितला होता आणि फडी १९ मेलाच बंद झाली होती, हे वनसमितीच्या नोंदीवरून दाखवता आले. तिसरी हरकत टिकली. बाहेर राहिलेल्या दहांपैकी चौघांची नावे १६ जूनच्या नोटिशीत होती, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली होती. कामावर हजर राहायला सांगितले की त्या दिवसापासून भत्त्याची जबाबदारी थांबते. या चौघांचे म्हणणे, आम्हाला कोणी सांगितलेच नाही. व्यक्तिगत पत्र दिल्याची सही कार्यालयाकडे नव्हती, पण फलकाचा फोटो होता. टाळेबंदीत फलक वाचायला कोण जातो, हा प्रश्न रास्त असला तरी त्यावर निकाल फिरला नाही.

मधल्या काळात तोंडी प्रस्तावही आला : तक्रार मागे घ्या, पावसाळ्यात गोठ्यांची कामे काढून देतो. काही घरांना तो पटला. शेवटी असे ठरले की काम ज्याला मिळेल त्याने घ्यावे, तक्रार मात्र कोणी मागे घेऊ नये. पुढे काम घेतल्याने आधीच्या दिवसांचा भत्ता बुडत नाही. हे बैठकीत समजावून सांगितले नसते तर तक्रार त्याच आठवड्यात संपली असती.

कारखान्यातले तिघे

अटल योजनेत तेव्हा सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस मिळत होती. ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी ती ५० टक्के केली आणि दावा करण्यासाठीची थांबण्याची मुदत ९० वरून ३० दिवसांवर आणली. अर्ज मालकामार्फत करण्याची सक्तीही काढली. कंत्राटदार गायब असलेल्यांसाठी हा बदल दरवाढीपेक्षा मोलाचा होता.

किमान दोन वर्षे विमायोग्य नोकरी हवी, आणि बेकार होण्यापूर्वीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. तिघांपैकी एकाची नोकरी चौदा महिन्यांची, तो बाद. दुसऱ्याच्या पगारातून वर्गणी कापली जात होती, पण कंत्राटदाराने मधले काही महिने भरलीच नव्हती. त्याचे ७८ दिवस भरले नाहीत. तिसऱ्याचे सगळे जुळले. सरासरी रोज ३४० रुपये, त्याचे निम्मे १७०, नव्वद दिवसांचे १५,३०० रुपये. आधार कार्डावरच्या नावाचे स्पेलिंग विम्याच्या नोंदीशी जुळत नसल्याने रक्कम नोव्हेंबरात आली.

त्याच्या घरी एक निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागला. मेमध्ये तोही नमुना ४ भरायला निघाला होता. पण दावा करताना त्या काळात बेकार असल्याचे लिहून द्यावे लागते, आणि मस्टरवर नाव आले की सरकारच्याच दोन नोंदी एकमेकींना खोडतात. म्हणून त्याने मागणी केली नाही. त्याची बायको आणि वडील मस्टरवर गेले. ऑगस्टचा निर्णय मेमध्ये कोणाला माहीत नव्हता. तेव्हाच्या २५ टक्के दराने हा सौदा अगदीच थोडक्याचा होता, हेही खरे.

निष्पन्न

जानेवारी २०२१ मध्ये भत्ता मंजूर होऊन खात्यांत आला. सहा जणांना पूर्ण २६ दिवसांचा, माणशी १,५४७ रुपये. नोटिशीतल्या चौघांना ५ ते १५ जून अशा अकरा दिवसांचा, माणशी ६५४ रुपये ५० पैसे. एकूण २०० मनुष्यदिवस, ११,९०० रुपये. कायद्यात भत्ता देय झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचा आहे. इथे सात महिने लागले.

या दहांच्या बाजूने निकाल लागला तो एका योगायोगाने. त्यांना काम न मिळाल्याने त्यांच्या मागणीची संगणकात कुठलीच नोंद नव्हती. म्हणून तपासणीत आवक नोंदवही हाच एकमेव कागद उरला आणि तो मान्य करावा लागला. २४ जणांच्या बाबतीत संगणकातली ९ जूनची नोंद होती. तिच्यापुढे तोच शिक्का, तीच तारीख चालली नाही. मागील तारखेने दुरुस्ती प्रणालीत होत नाही, असे लेखी उत्तर मिळाले.

कुठे वेगळे करता आले असते

२८ एप्रिललाच लेखी मागणी झाली असती तर भत्ता १४ मेपासून देय झाला असता. १४ मे ते ४ जून हे बावीस दिवस, माणशी १,३०९ रुपये. त्यातले काही दिवस तेंदूपत्त्यात गेले असते, म्हणून पूर्ण रक्कम हक्काची होती असे म्हणता येणार नाही. पण भत्त्याच्या टांगत्या तलवारीने तलावाची मान्यता दोन-तीन आठवडे आधी आली असती, ही शक्यता अधिक मोलाची. त्या आठवड्यांत पाऊस नव्हता.

१८ मेनंतर आठवड्याने ऑनलाइन पान तपासून, मागणी चढलेली नाही असा चार ओळींचा अर्ज दिला असता, तर ९ जूनच्या नोंदीला उत्तर तयार असते. तक्रार महिन्याने झाली. तोवर चुकीची तारीख पक्की झाली होती.

फलकाच्या नोटिशीचा धडा सरपंचबाईंनी घेतला. मागणी करणाऱ्यांपैकी एकाने रोज फलकाचा फोटो गटावर टाकायचा, असे जुलैपासून ठरले.

आणि शेल्फ. आमच्या मते गाव सगळ्यात कमी पडले ते इथे, आणि त्याचा दोष तालुक्यावर टाकता येत नाही. पुढच्या वर्षाची कामे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ठरतात. २०१९ च्या त्या सभांत विहिरींसाठी हात वर झाले, कारण विहीर कोणाच्या तरी नावावर होते. तलाव, मजगी (धानाच्या बांध्यांचे काम), पांदण रस्ता यांची नावे घ्यायला कोणी नव्हते, कारण ज्यांना ती मजुरी लागते ती माणसे तेव्हा शेतात होती. शेल्फवर उन्हाळ्यातले मातीकाम हवे आणि पावसातही चालेल असे खड्डे, रोपवाटिका, गोठे यांचे कामही हवे. एक प्रकार संपला की दुसरा तयार असला पाहिजे. २०२० च्या ऑक्टोबरातल्या सभेत दोन तलाव, एक पांदण आणि एक रोपवाटिका यादीत गेली.

२४ जणांच्या चार दिवसांसाठी जिल्हा कार्यक्रम समन्वयकाकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता आली असती. कागद तयार होते. बैठकीत हिशेब निघाला तेव्हा चार दिवसांचा भत्ता माणशी २३८ रुपये आला, बरोबर एका दिवसाची मजुरी. जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा जाऊन यायला एक दिवस मोडतो. तोवर जानेवारी उजाडला होता आणि चोवीसपैकी पंधरा जण मिरचीला निघून गेले होते.